‘शेवटी सगळे स्वार्थीच’ हे कितपत खरं आहे?

एक छोटं पारदर्शक कार्ड-पाकीट आहे. आत एकाच नावाची तीन व्हिजिटिंग कार्डं, तिथल्या भाषेतली किराण्याची यादी आणि एक किल्ली. एक अनोळखी माणूस बँकेच्या, पोस्टाच्या किंवा हॉटेलच्या काउंटरवर येतो, पाकीट पुढे सरकवतो आणि म्हणतो, ‘हे बाहेर कोपऱ्यावर पडलेलं सापडलं. मी जरा घाईत आहे, तुम्ही बघता का?’ आणि निघून जातो. कार्डावर मालकाचा ईमेल आहे. काउंटरवरच्या माणसाने पाकीट ड्रॉवरमध्ये टाकलं तरी त्याला जाब विचारणारं कुणी नाही.

संशोधकांनी हे 40 देशांतल्या 355 शहरांत करून पाहिलं. भारतही त्यात होता. पाकिटं होती 17,000 हून जास्त. काही पाकिटांत पैसे नव्हते, काहींत साधारण 13 डॉलरच्या तोलाचं स्थानिक चलन होतं. प्रश्न साधा होता: पैसे असलेलं पाकीट जास्त वेळा परत येईल की बिनपैशांचं? सर्वसामान्य लोकांना विचारून घेतलेला अंदाज असा, की पैसे जितके जास्त तितकं पाकीट परत येण्याची शक्यता कमी. नामवंत अर्थशास्त्रज्ञांचाही अंदाज चुकला. 2019 मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. बिनपैशांच्या पाकिटांबाबत सुमारे 40 टक्के वेळा मालकाला ईमेल गेला आणि पैसेवाल्यांबाबत 51 टक्के वेळा. अमेरिका, ब्रिटन आणि पोलंडमध्ये रक्कम वाढवून साधारण 94 डॉलर केली, तर हा आकडा 72 टक्क्यांवर गेला.

एवढ्यावरून माणूस देवमाणूस ठरत नाही. बिनपैशांची निम्म्याहून जास्त पाकिटं परत आलीच नाहीत. मला यात महत्त्वाचा वाटतो तो अंदाज आणि निकाल यांतला फरक. माणसाबद्दल आपण जे गृहीत धरतो ते माणसाच्या प्रत्यक्ष वागण्यापेक्षा काळं आहे. ‘शेवटी जो तो आपल्याच पोळीवर तूप ओढतो’ हे वाक्य आपल्याकडे शहाणपणाचं म्हणून बोललं जातं आणि त्याला विरोध करणारा भोळा ठरतो. म्हणून ते नीट तपासायला हवं.

माणूस मुळात कसा, हा वाद फार जुना. प्राचीन चीनमध्ये मेन्सियस नावाचा तत्त्वज्ञ म्हणाला, विहिरीत पडू पाहणारं मूल दिसलं की कुणाचाही जीव कळवळतो, म्हणजे चांगुलपणाचं बीज आत आहेच. त्याच्यानंतर आलेला शुन्झी म्हणाला, माणसाचा मूळ स्वभाव वाईट, शिकवण आणि शिस्त त्याला वळण लावतात. युरोपात हाच वाद हॉब्ज (माणूस मुळात स्वार्थी) आणि रूसो (माणूस मुळात चांगला) या तत्त्वज्ञांच्या नावांनी ओळखला जातो. पण ‘चांगला की वाईट’ या वादात आज बहुतेक लोक उतरतच नाहीत. आजचा लोकप्रिय समज तिसरा आहे: माणूस वाईट नाही आणि चांगलाही नाही, तो फक्त स्वार्थी आहे, आणि त्याचा चांगुलपणाही स्वार्थाचाच एक प्रकार आहे.

या समजाचा जुना नमुना हॉब्जचाच आहे. 17व्या शतकातला हा इंग्रज तत्त्वज्ञ एकदा लंडनच्या रस्त्यावर एका म्हाताऱ्या, आजारी भिकाऱ्याला पैसे देताना दिसला. सोबतच्या धर्मगुरूने विचारलं, ‘ख्रिस्ताची आज्ञा नसती तरी दिले असते का?’ हॉब्ज हो म्हणाला. कारण सांगितलं ते असं: त्या म्हाताऱ्याची दशा पाहून मला त्रास होत होता. पैसे दिल्याने त्याला आराम पडला आणि मलाही. त्याला ओळखणाऱ्या जॉन ऑब्री याने ही आठवण लिहून ठेवली आहे.

ऐकायला हे बिनतोड वाटतं. मदत केली की बरं वाटतं, म्हणजे बरं वाटावं म्हणूनच मदत केली. पण यात एक उडी आहे. 1726 मध्ये जोसेफ बटलर नावाच्या धर्मोपदेशकाने ती पकडली. एखादी गोष्ट साधल्याचा आनंद व्हायचा, तर आधी ती गोष्ट हवीशी असावी लागते. नातवंडं पोटभर जेवली की आजीला समाधान वाटतं, कारण तिला ती जेवायला हवी असतात. तिला नातवंडांचं काहीच नसतं, तर ती जेवली काय आणि उपाशी राहिली काय, समाधान कुठून आलं असतं? आनंद मागून येतो. त्याला कारण ठरवणं म्हणजे बैलामागची गाडी बैलापुढे जुंपणं.

वर आणखी एक अडचण. ‘सगळं स्वार्थापोटीच’ म्हणणाऱ्याला कोणतंही उदाहरण द्या, तो त्यात स्वार्थ दाखवून देतो. पुरात उडी मारणाऱ्याला नाव हवं होतं. नाव न सांगता देणाऱ्याला मनाची शांती हवी होती. जो दावा कोणत्याही पुराव्याने खोटा ठरूच शकत नाही, तो जगाबद्दल काही सांगतच नाही. तरीही हॉब्जच्या उत्तरातला एक भाग तपासता येतो, आणि तो तपासला गेला आहे.

हॉब्जचं म्हणणं होतं, दुसऱ्याचं दुःख बघवत नाही म्हणून आपण मदत करतो. ठीक. मग दुःख बघणं टाळायचा दुसरा, स्वस्त मार्ग दिला तर? मदत न करता सरळ निघून जाता आलं तर? अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात डॅनियल बॅट्सन आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच केलं. प्रयोग 1981 मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थिनींना पडद्यावर एलेन नावाची एक मुलगी दिसे. तिला एका चाचणीत विजेचे सौम्य झटके दिले जात होते. झटके खरे नव्हते, पण पाहणाऱ्यांना ते माहीत नव्हतं. लहानपणी विजेच्या तारेचा अपघात झाल्याने एलेनला हे झटके जास्तच बोचत होते. मग पाहणारीला विचारलं जाई: तिच्या जागी तू बसशील का?

काही जणींना सांगितलं होतं की दोन फेऱ्या पाहिल्या की तुझं काम संपलं, तू जाऊ शकतेस. काही जणींना मात्र सगळ्या दहा फेऱ्या बघणं भाग होतं. शिवाय काहींना एलेनच्या आवडीनिवडी आपल्यासारख्या आहेत असं भासवलं होतं, म्हणजे तिच्याबद्दल आपुलकी वाटावी. काहींना उलट.

हॉब्ज बरोबर असता, तर सुटका सोपी असलेल्या सगळ्याच जणी निघून गेल्या असत्या. आपुलकी नसलेल्यांचं तसंच झालं: सुटका सोपी असताना फक्त 18 टक्के मदतीला तयार झाल्या आणि बघत बसणं भाग असताना 64 टक्के. म्हणजे या मुली स्वतःचा त्रास टाळत होत्या. पण जिला एलेनबद्दल आपुलकी वाटत होती, तिला दार उघडं असून ती गेली नाही. अशा मुलींपैकी 91 टक्के जणी एलेनच्या जागी झटके खायला तयार झाल्या.

प्रत्येक गटात मुली थोड्याच होत्या. म्हणून बॅट्सनने पुढे अनेक वर्षं वेगवेगळे आक्षेप एकेक करून तपासले. न मदत केल्याचा अपराधीपणा टाळायचा असेल का? लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून असेल का? दर वेळी त्या कारणाची वाट मोकळी करून दिली, तरी आपुलकीतली मदत टिकली. दोन्ही माणसं खरी आहेत: स्वतःची तगमग शमवणारा आणि समोरच्याचं भलं व्हावं म्हणूनच झिजणारा. बरेचदा ती एकाच माणसात असतात.

इथे थांबून ‘म्हणजे माणूस चांगला’ असं म्हणणं मात्र घाईचं होईल. बॅट्सननेच 1995 मध्ये दुसरा प्रयोग प्रसिद्ध केला. दुर्धर आजार असलेल्या एका लहान मुलीची गोष्ट लोकांना ऐकवली. उपचारांच्या प्रतीक्षायादीत ती खाली होती, आणि तिच्या वर असलेल्या मुलांची गरज जास्त होती. तिला वर सरकवायचं का? ज्यांना तिच्या भावना कल्पून बघायला सांगितलं होतं, त्यांच्यातल्या जवळपास तीन-चतुर्थांश लोकांनी तिला वर सरकवलं. ज्यांना अलिप्तपणे ऐकायला सांगितलं होतं, त्यांच्यातल्या फक्त एक-तृतीयांश लोकांनी. इथे सरकवणाऱ्याचा फायदा शून्य होता. तरी अन्याय झालाच, यादीतल्या न दिसलेल्या, न ऐकलेल्या मुलांवर.

माझ्या मते या सगळ्या वादातली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट हीच. निःस्वार्थ असणं आणि चांगलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जातीसाठी, पंथासाठी, झेंड्यासाठी दंगलीत उतरणारा माणूस स्वतःचा जीव धोक्यात घालतो. त्याला स्वार्थी म्हणता येत नाही, आणि खरं तर तो स्वार्थी असता तर घरी बसला असता.

उत्क्रांतीचा मुद्दा थोडक्यात. ‘जनुकंच स्वार्थी, मग माणूस कसा नसेल?’ हा प्रश्न दोन पातळ्यांची गल्लत करतो. 1964 मध्ये विल्यम हॅमिल्टन या जीवशास्त्रज्ञाने गणित मांडून दाखवलं की रक्ताच्या नात्यांत त्यागाची वृत्ती पिढ्यानपिढ्या टिकू शकते, कारण नातलगांत तीच जनुकं असतात. पण आईच्या मनात जनुकांचा हिशेब नसतो, तिच्या मनात मूल असतं. माया कशी निर्माण झाली हा एक प्रश्न, ती खरी आहे का हा दुसरा. आणि ती फार लवकर दिसते. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वार्नेकेन आणि टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी दीड वर्षाच्या 24 मुलांसमोर कपडे वाळत घालताना चिमटा खाली पडल्याचं, हात भरलेले असताना कपाट उघडता येत नसल्याचं नाटक केलं. कुणी मदत मागितली नाही, बक्षीस नव्हतं. तरी 22 मुलांनी निदान एकदा तरी पुढे येऊन मदत केली.

मग मोठेपणी ही मदत जाते कुठे? सोसायटीची टाकी साफ करायला, वर्गणी भरायला, कर भरायला माणसं मागे का सरतात? याचं उत्तर ज्या खेळातून मिळतं तो नीट बघण्यासारखा आहे.

चार जण, एकमेकांना अनोळखी. सोयीसाठी रुपयांत मांडू. प्रत्येकाला 20 रुपये. त्यातले हवे तेवढे गुपचूप सामाईक डब्यात टाकायचे. डब्यात जमलेली रक्कम 1.6 पट करून चौघांत सारखी वाटली जाते, कुणी किती टाकले ते न बघता. चौघांनी सगळे टाकले तर 80 चे 128 होतात, प्रत्येकाला 32. कुणीच टाकले नाहीत तर ज्याचे 20 त्याच्याकडे. पण तिघांनी 20-20 टाकले आणि चौथ्याने काहीच नाही, तर 60 चे 96 होतात, प्रत्येकाला 24. चौथ्याकडे स्वतःचे 20 आधीच आहेत, म्हणजे त्याला 44. डब्यात टाकलेल्या रुपयातले टाकणाऱ्याला फक्त 40 पैसे परत मिळतात. निव्वळ स्वार्थी माणूस पहिल्या फेरीपासून काहीही टाकणार नाही.

प्रत्यक्षात पहिल्या फेरीत लोक सरासरी निम्म्याच्या आसपास टाकतात. मग फेरी-फेरीगणिक रक्कम घसरते आणि दहाव्या फेरीपर्यंत डबा जवळजवळ रिकामा होतो. हा आलेख पाहून ‘बघा, शेवटी स्वभाव बाहेर आला’ म्हणणं सोपं आहे. झुरिचमध्ये फिशबाखर, गेश्टर आणि फेर यांनी 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वेगळा प्रश्न विचारला. खेळणाऱ्यासमोर तक्ता ठेवला: बाकीच्यांनी सरासरी 0 टाकले तर तुम्ही किती टाकाल? 1 टाकला तर? 2 टाकले तर? असं थेट 20 पर्यंत. जवळपास निम्मे लोक असे निघाले की ‘ते जितके टाकतील तसे मी टाकेन’. साधारण 30 टक्के निखळ फुकटे, दुसऱ्यांनी कितीही टाकले तरी हे शून्य. उरलेले मधलेच.

घसरण कशी होते ते या तक्त्यातच आहे. ‘त्यांच्यासारखं मी’ म्हणणारेही इतरांच्या सरासरीपेक्षा किंचित कमी टाकतात. त्यात थोडे फुकटे मिसळलेले. पहिल्या फेरीनंतर ज्याने जास्त टाकले त्याला दिसतं की इतरांनी आपल्याहून कमी टाकले. पुढच्या फेरीत तो हात आखडतो. ते बघून दुसरा आखडतो. दहाव्या फेरीत सगळे फुकट्यांसारखे दिसतात, पण बहुतेक जण फुकटे नसतात. ते ‘मीच एकटा का मूर्ख?’ म्हणून थांबलेले असतात. आपल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या सर्वसाधारण सभेत हे वाक्य किती वेळा ऐकू येतं!

माणूस चांगला, वाईट की स्वार्थी, या प्रश्नाचं मला पटलेलं उत्तर हे आहे: बहुसंख्य माणसं इतरांकडे बघून ठरवतात. थोडे लोक काही झालं तरी देतात, थोडे काही झालं तरी देत नाहीत, आणि मधला मोठा गट शेजारी काय करतोय याकडे डोळे लावून असतो. वाईट वागण्याबाबतही असंच दिसतं. स्टॅनली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाचा प्रयोग बहुतेकांना माहीत असतो: 1963 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात शास्त्रज्ञाच्या सांगण्यावरून 40 पैकी 26 जणांनी दुसऱ्या माणसाला 450 व्होल्टपर्यंतचे झटके दिले, निदान त्यांना तसं वाटत होतं. त्याच प्रयोगाचा दुसरा प्रकार कमी सांगितला जातो. त्यात शेजारी बसलेल्या दोघांनी ‘आम्ही हे करणार नाही’ म्हणून नकार दिला. ते प्रयोगकर्त्याचेच साथीदार होते. तेव्हा शेवटपर्यंत जाणारे उरले 40 पैकी 4.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात विद्यार्थ्यांवर तर नुसतं खेळाचं नाव बदलून पाहिलं. सहकार्य करायचं की दगा द्यायचा, असा दोघांचा खेळ. एका गटाला सांगितलं हा ‘वॉल स्ट्रीटचा खेळ’ (वॉल स्ट्रीट म्हणजे न्यूयॉर्कच्या शेअर बाजाराचा रस्ता), दुसऱ्याला तोच खेळ ‘समाजाचा खेळ’ म्हणून दिला. पहिल्यात साधारण एक-तृतीयांश लोकांनी सहकार्य केलं, दुसऱ्यात दोन-तृतीयांश. या मुलांना रोज बघणाऱ्या वसतिगृहातल्या मोठ्या विद्यार्थ्यांना आधी विचारलं होतं, कोण सहकार्य करेल, कोण दगा देईल. त्यांच्या अंदाजाचा काही उपयोग झाला नाही. जवळून पाहिलेल्या स्वभावापेक्षा खेळाचं नाव जास्त सांगून गेलं.

सामाईक गोष्टी टिकवणाऱ्यांना हे प्रयोगशाळेबाहेरच कळलेलं असतं. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते यावरच्या कामासाठी. स्वित्झर्लंडमधली सामाईक कुरणं, स्पेनमधले पाटाचे कालवे अशा शेकडो वर्षं टिकलेल्या व्यवस्था अभ्यासून त्यांनी दाखवलं की सामाईक गोष्टीची लूट होणं अटळ नसतं. वापरणाऱ्यांनीच नियम केलेले असले, कोण किती घेतो हे सगळ्यांना दिसत असलं आणि चुकणाऱ्याला आधी हलकी, मग कडक शिक्षा असली, तर लोक नियम पाळतात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारची गोष्ट याच धाटणीची आहे. 1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर या दुष्काळी गावाने श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी मान्य केली, शेतीसाठी बोअरवेल घेणं बंद केलं. पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो: पाऊस किती झाला, माणसं-जनावरांना किती लागेल, उरलेल्यात कोणती पिकं बसतात. जमिनीखालचं पाणी कुणाला दिसत नाही, म्हणून शेजाऱ्यावर संशय घ्यायला जागा राहते. ताळेबंद भर सभेत मांडला की ती जागा उरत नाही. ‘गाव करी ते राव न करी’ म्हणतात, पण गाव करायला गावातल्या प्रत्येकाला दुसरा करतोय हे दिसावं लागतं.

म्हणूनच ‘शेवटी सगळे स्वार्थीच’ हे वाक्य मला निरुपद्रवी वाटत नाही. जो इतरांकडे बघून ठरवतो, त्याला आपण सांगतो की बघ, कुणीच देत नाही. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये शिळा झालेल्या प्राचीन झाडांचं एक राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे पर्यटक त्या लाकडाचे तुकडे खिशात घालून नेतात. रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी वाटेवर खुणा केलेले तुकडे ठेवले आणि पाट्या बदलून पाहिल्या. ‘उद्यानातलं लाकूड कृपया नेऊ नका’ अशा अर्थाची पाटी होती तेव्हा 1.67 टक्के तुकडे गेले. ‘आजवर अनेक पर्यटकांनी लाकूड नेल्याने उद्यानाची हानी झाली आहे’ अशा अर्थाची पाटी लावली, तेव्हा 7.92 टक्के. चोरीची तक्रार करणाऱ्या पाटीने चोरी चौपटीहून जास्त झाली.

आपल्या जिन्यातल्या फळ्यावरच्या नोटिशी या नजरेने वाचून बघा. ‘वारंवार विनंती करूनही बहुसंख्य सभासदांनी देखभाल शुल्क भरलेलं नाही’, ‘सूचना देऊनही कुणीही ओला-सुका कचरा वेगळा करत नाही’. लिहिणाऱ्या सेक्रेटरीची तळमळ खरी असते. पण 60 पैकी 45 घरांनी पैसे भरले असतील, तर फळ्यावर तो 45 चा आकडा लिहायला हवा.